घाटावरचं बोलणं

निघोज्यातल्या त्या खोल्यांची आठवण निघाली की मला आधी भाकरी थापल्याचा आवाज येतो. माय उजाडायच्या आत परातीपाशी बसायची, शेजारी घरमालकांची हिराक्का, आणि दोघींच्या थापा एका लयीत पडायला लागल्या की मला पांघरुणाबाहेर यावंच लागायचं, कारण तव्यावरची उलटापालट माझ्याकडे होती. मायची खानावळ होती. खानावळ म्हणजे पाटी नाही, टेबल नाही, नुसते डबे. बाहेर कंपन्यांच्या बसगाड्या खड्ड्यातून वळण घेताना हॉर्न देत राहायच्या. पहिल्या शिफ्टची पोरं तोंडात ब्रश घेऊनच दारात यायची, आज भाजी काय म्हणून विचारायची आणि उत्तर काहीही मिळालं तरी तोंड वाकडं करायची. सगळी आमच्याच मराठवाड्याकडची, एकेका खोलीत पाच-सहा जण राहणारी. ज्या दिवशी माय आमच्याकडची, भाजलेल्या डाळी-धान्यांच्या येसर मसाल्याची आमटी करायची त्या दिवशी मात्र कुणी काही विचारत नसे. वासावरूनच कळायचं, आणि डबा घेताना एखादा नुसताच 'मावशी' म्हणून थांबायचा. माय त्याला म्हणायची, "जा बाबा, बस सुटंल. रडायचं ते कंपनीत जाऊन रड."

आण्णा, म्हणजे माझे वडील, फोर्जिंगच्या कारखान्यात होते. घणाच्या आवाजात वर्षं काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे आमच्या घरात झाकून ठेवावं असं काही राहत नसे. आण्णांना सांगायची गोष्ट शेजारच्या चार खोल्यांना आपोआप कळायची. खोल्या जिथं होत्या तिथं आधी मालकांची कांद्याची वखार होती. कंपन्या आल्या, कांदा मागं पडला, आणि वखारीत मधेमधे विटांच्या भिंती घालून भाड्याच्या खोल्या झाल्या. उन्हाळ्यात पत्रा तापला की भिंतीतून अजून कांद्याचा वास उतरायचा. आता तिथं कुठल्याशा कंपनीचं गोदाम आहे. त्या रस्त्यानं जाणं होतं अधूनमधून, पण मी बसमधून मान वळवून बघत नाही. या वयात मानही दुखते, एवढंच कारण समजा.

आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. हे मी आजही कुणाला सांगते आणि लोक हसतात, बी.ए. म्हणजे काय मोठं म्हणून. हसू देत. ज्यांच्या घरात आजोबाही पदवीधर होते त्यांना त्यातलं काय कळणार. मायला ते नीट म्हणता यायचं नाही, ती 'बीये' म्हणायची, आणि निकालाच्या दिवशी तिनं साऱ्या डब्यांमधून शिरा पाठवला होता. त्यानंतर मी चिंचवडला पत्रकारितेच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. का घातलं असं कुणी विचारलं तर तेव्हा मला धड सांगता आलं नसतं. पेपरात जे लिहितात ते आपल्यासारख्यांपैकी कुणी नसतात, एवढं मला दिसत होतं, आणि ते मला खुपत होतं. निघोज्याहून मोशी, मोशीहून भोसरी, भोसरीहून चिंचवड, असं बस बदलत जायचं आणि तसंच परत यायचं. पहाटेपासून तव्यापाशी उभी असल्यामुळे वर्गात बसले की डोळे मिटायचे. माझं निम्मं पत्रकारितेचं शिक्षण पेंगत झालं, हे खरं आहे.

साने सर शिकवायचे. ते चिंचवडच्याच एका स्थानिक दैनिकात डेस्कचे प्रमुख होते, संध्याकाळी वर्ग आणि नंतर रात्री डेस्क असं त्यांचं चालायचं. बारीक माणूस, आवाज त्याहून बारीक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला कुठल्या तरी उद्घाटनाला पाठवलं. मी लिहून आणलं, 'सर्वत्र आनंदाचे वातावरण होते.' सरांनी विचारलं, सर्वत्र म्हणजे कुठे? मी म्हटलं, तिथं. मग 'तिथं' असं लिही, म्हणाले. कुणाला आनंद झाला होता, ते विचारलंस का? नव्हतं विचारलं. मग त्यांनी ती ओळ खोडली, आणि खाली उरलेलं वाचून म्हणाले की आता यात काहीच उरलं नाही, बघ. पोरं हसली. मला ते लागलं, पण त्यांचं बरोबर होतं हे बसमध्ये बसल्यावर कळलं. असंच सगळं शिकले. विशेषणं गेली, 'मान्यवर' गेले, 'उत्स्फूर्त प्रतिसाद' गेला. रोज काहीतरी काढून घेतलं जायचं आणि बदल्यात काय मिळालं ते दिसायचं नाही.

वर्गातल्या मुलांना राजकारण पाहिजे होतं, गुन्हे पाहिजे होते. सरांनी सगळ्यांना दशक्रिया दिल्या. आमच्या भागात दशक्रिया म्हणजे नुसता घरचा विधी नाही. नदीवर मांडव पडतो, महाराजांचं प्रवचन होतं, मग आमदारांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत एकेक जण माइकवर येऊन श्रद्धांजली वाहतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांची नावं पेपरात आली पाहिजेत. एखादं राहिलं तर सकाळी ऑफिसात फोन. पुढारी मंडळी एका दिवशी तीन-तीन घाटांवर जायची. एकानं तर आमच्यासमोर भाषण करताना आदल्या घाटावरच्या मयताचे गुण सांगितले होते, आणि लोक माना डोलावत होते. सर म्हणायचे, जिथं शंभर नावं बिनचूक लिहून आणावी लागतात तिथं माणूस बातमीदार होतो. आता हे सगळं मोबाइलवर तयार येतं, फोटो आणि नावांसकट. घाटावर कुणी पत्रकार जात नाही. डेस्कवर बसून मीही तेच करते, आलेलं पुढं ढकलते. कंटाळा आला म्हणण्याचाही कंटाळा आलाय.

आमच्या खोल्यांचे मूळ मालक तात्या. म्हातारा खमक्या, डोक्याला मुंडासं, खानावळीच्या दारात बाज टाकून बसायचा आणि मायच्या हातची आमटी वाटीनं प्यायचा. त्यांचा मुलगा दत्ताशेठ, खोल्यांचं भाडं, जमिनीचे व्यवहार, जेसीबीची कामं असं सगळं बघणारा. आणि मुलगी हिराक्का. हिराक्काला लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं होतं, त्याला आता जमाना झाला होता. ती कोपऱ्यातल्या एका खोलीत राहायची. मायच्या खानावळीत ती कामाला नव्हती, मालकाची मुलगी कामाला कशी असेल, पण रोज पहाटे येऊन बसायची आणि मायइतक्याच भाकरी थापायची. माय तिला दोन वेळचं ताट द्यायची. त्याला दोघींनी कधी काही नाव दिलं नाही.

तात्या गेले ते साध्या तापानं. आणि त्या दहा दिवसांतच कुजबूज सुरू झाली की दत्ताशेठनं हक्कसोडचा कागद तयार केलाय. वडिलांच्या जमिनीत बहिणीचा कायद्यानं जो वाटा असतो तो तिनं सोडला, असा तो कागद. आमच्या भागात बहिणी तो करून देतात, भाऊ साडी-चोळी करतो, आणि माहेरचं दार उघडं राहतं. न करून देणाऱ्या बहिणीचं दार बंद होतं, हेही सगळ्यांना ठाऊक. रस्त्याकडच्या पट्ट्याला एक कंपनी गिऱ्हाईक होती म्हणून घाई होती. दहावा झाला की चाकणला नोंदणी कचेरीत जाऊन हिराक्काची सही व्हायची होती. तिच्याकडे आयुष्यात दुसरं काही येणार नव्हतं, त्या कोपऱ्यातल्या खोलीसकट सगळं त्या सहीत जाणार होतं. ती मात्र रोज पहाटे येत होती. भाकरी थापत होती.

दशक्रियेला सरांनी मलाच पाठवलं, तुझ्याच गावचं आहे म्हणून. इंद्रायणीला फेस आलेला, वर पांढरे तुकडे तरंगत होते, आणि बायका पायरीवर बसताना साड्या सावरून घेत होत्या. प्रवचन झालं, श्रद्धांजल्या झाल्या, मी नावं टिपली. मग खाली पाण्याजवळ पिंड मांडले. शेजारी पत्रावळीवर तात्यांच्या आवडीचं सगळं होतं, गोडीशेव, भजी, बिडीबंडल, आणि हिराक्कानं मुद्दाम आणलेली आमटीची वाटी. लोक मागं सरून उभे राहिले. झाडावर कावळे भरपूर होते, पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला.

दत्ताशेठ पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "तात्या, वेशीला तुमच्या नावानं कमान उभारतो." कावळे जागचे हलले नाहीत. मग त्याचा मुलगा म्हणाला, आजोबांच्या नावानं क्रिकेटच्या मॅचेस भरवतो. मागून कुणीतरी पुटपुटलं, "तात्याला कवा आवडलं रं क्रिकेट? रेडिओवर मॅच लागली की शिव्या द्यायचा." दोघं-तिघं खोकल्यासारखे हसले. मग सून म्हणाली काशीला जाऊ, कुणी म्हणालं अन्नदान करू. असं बराच वेळ चाललं. तात्यांचे धाकटे भाऊ, त्यांना सगळे नामूनाना म्हणायचे, काठी टेकत पुढं आले आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाले, "दत्ता, कमानी राहू दे. हिराचं बोल."

दत्ताशेठ खाली बघत उभा राहिला. मी त्याच्यापासून फार लांब नव्हते, त्याच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. मग तो बोलला, आणि तो नीट मोठ्यानं बोलला, नुसतं मला नाही, साऱ्या घाटाला ऐकू आलं. "तात्या, अक्काचा वाटा अक्काला देतो. रस्त्याकडचा. तिची सही घेत न्हाई." त्याचा आवाज शेवटी फाटला. लोक आणखी दोन पावलं मागं झाले, आणि एक कावळा खाली उतरून गोडीशेव उचलून गेला. शिवला, शिवला, म्हणत सगळे पायऱ्या चढायला लागले. हिराक्का बायकांत बसली होती. तिनं पदर तोंडाशी धरला होता आणि ती पाण्याकडे बघत होती.

ऑफिसात जाऊन मी नेहमीसारखी बातमी लिहिली. प्रवचन, मग श्रद्धांजलीची नावं. सरांनी वाचली, बरी आहे म्हणाले, आणि ते सगळ्यांना विचारायचे तसं मलाही विचारलं की काही राहिलं का. मी घाटावरचं सांगितलं. सरांनी चष्मा काढला. हे तू शेवटी सांगतेस, म्हणाले. मग मी पुन्हा बसून लिहिलं, आणि अगदी मन लावून लिहिलं, की कावळ्यानं कसा न्याय केला. सरांनी पहिली ओळ वाचून कागद खाली ठेवला.

"कावळा का आला, तुला माहीत आहे?"

मी म्हटलं, नाही. सकाळी तिथं आणखी विधी झाले होते, कावळ्यांची पोटं भरलेली असतील. शिवाय लोक मागं सरले तेव्हाच तो उतरला.

"मग कावळ्याचं राहू दे. कावळा काय म्हणाला ते आपल्याला कळत नाही. दत्ताशेठ काय म्हणाला ते तू ऐकलंस ना? तेवढं लिही. आणि आज नाही. आधी त्याला विचार, त्या बाईंना विचार. ज्याच्या घरात बातमी पडणार त्याचं दार आधी वाजवायचं."

मी त्यांना सांगितलं की सर, आम्ही त्यांच्याच खोलीत राहतो. सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग म्हणाले की नावांची बातमी तयार आहे, तीही छापता येईल, त्यात खोटं काही नाही. ठरव तू. पत्रकारितेच्या वर्गात मला एवढी जड दुसरी गोष्ट कुणी हातात दिली नाही. त्यापरीस मला 'लिही' किंवा 'लिहू नको' सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजूनही कधी कधी वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताशेठ अंगणात जीप धूत होता. मी विचारलं. आधी त्याला वाटलं मी नावांबद्दल विचारते आहे, तर सरपंचांचं नाव आधी घे, म्हणाला. मग त्याला कळलं. त्यानं पाइप खाली टाकला. पाणी तसंच वाहत राहिलं.

"घाटावर मानूस कायबी बोलतो गं. कावळा शिवंपर्यंतचं बोलनं ते. ते काय पेपरात घालायचं असतंय?"

"पण दादा, तुम्ही बोललात ना?"

त्याला रागवायचं होतं पण त्याला ते जमलं नाही, सुतकाचे डोळे होते त्याचे. "बोललो. बाप व्हता माझा," म्हणाला. मग पाइप उचलता उचलता म्हणाला, "तुज्या आण्णाला ईचार, खोली दुसरीकडं कितीला मिळती ते." हे त्यानं ओरडून सांगितलं नाही, जीपच्या चाकाकडं बघत सांगितलं.

माय ऐकत होतीच. पोरांचे डबे गेल्यावर तिनं मला समोर बसवलं. तिचं म्हणणं सरळ होतं. खानावळ काय उचलून न्यायची वस्तू आहे का, गिऱ्हाईक इथलं, उधारी इथली, पाणी इथलं. बहीण-भावाचं ते बघतील. "कामून आपण मधी पडायलोत? तुला शिकवलं ते ह्याच्यासाठी का?" मी म्हटलं, हो, बहुतेक ह्याच्यासाठीच. मी असं उलट बोलले याचं तिला नवल वाटलं नाही. ती नुसती म्हणाली की मग हिराला विचार, तिचं नाक आहे, तिच्या नाकावर तू माशी बसवू नको. आण्णांना सगळं मोठ्यानं सांगावं लागलं, म्हणजे साऱ्या खोल्यांना कळलं. आण्णा फक्त एवढंच म्हणाले की मोशीला त्यांचा एक कामावरचा सोबती राहतो.

हिराक्काला मी पहाटे विचारलं. दिवा लावलेला, परात पुढं, माय मुद्दाम पाणी आणायला बाहेर गेलेली. मी शिकल्याप्रमाणे सांगितलं की मी काय छापणार आहे, शब्दनशब्द. ती पीठ मळत होती. छापलं तर काय होतं, तिनं विचारलं. मी म्हटलं, गावाला कळतं. गावानं ऐकलंय की, ती म्हणाली. मी म्हटलं, ऐकलेलं माणसं विसरतात अक्का, आठवड्यात विसरतात. ती मळत राहिली. पीठ मळून झालं तरी मळत राहिली. मग म्हणाली, "माझं नाव काय लिवशील?"

"तुम्ही सांगाल ते."

"हिराबाई लिव. आन् पुढं तात्यांचं नाव लाव. नवऱ्याचं नको." एवढं बोलून तिनं पहिली भाकरी परातीत घेतली. मी तवा ठेवला. माझा हात भाजला त्या दिवशी, ते आठवतं.

बातमी आतल्या पानावर आली, प्रवचन आणि नावं सगळी, आणि शेवटी तीन ओळी: वडिलांच्या पिंडासमोर दत्तात्रय यांनी बहीण हिराबाई मारुती यांना रस्त्याकडील जमिनीतील वाटा देण्याचे व हक्कसोड न घेण्याचे उपस्थितांसमोर सांगितले, आपण तसे बोललो, याला त्यांनी दुजोरा दिला. कावळा नव्हता, न्याय नव्हता. माझं नावही नव्हतं, शिकाऊ मुलांची नावं छापत नसत. आण्णांनी ओळीखाली बोट धरून ती वाचली, दोनदा, आणि घडी घालून पेपर उशाला ठेवला. मी बातमीदार झाले तो दिवस तोच, आणि मला त्यात आनंद कुठं सापडला नाही. थकवा होता नुसता, ताप उतरल्यावर असतो तसा.

सहीचा दिवस ठरलेला होता तो टळला नाही. दत्ताशेठनं ठरवलं होतं की पेपर एका बाजूला आणि व्यवहार एका बाजूला. जीप अंगणात आली, हॉर्न वाजला. हिराक्का उठली नाही. पुन्हा हॉर्न वाजला. मग दत्ताशेठची बायको उतरून आमच्या दारात आली, नव्या साडीची पिशवी तिच्या हातातच होती. चला वन्सं, गर्दी व्हायच्या आत उरकून येऊ, म्हणाली. पाठोपाठ दत्ताशेठही आला. डबे न्यायला आलेली पोरं भिंतीला लागून उभी राहिली. हिराक्कानं भाकरी परातीत फिरवली, तव्यावर टाकली, हात पुसले. आणि तिनं भावाला जे सांगितलं ते मी तेव्हा लिहून घेतलं नाही, पण त्यातला एकही शब्द मी विसरलेले नाही.

"दत्ता, तू तात्यास्नी सांगितलंस. साऱ्या गावानं वाचलं. आता मी सही केली तर तू खोटा पडशील. भावाला खोटं पाडायला मी न्हाई येनार."

भांडायला काहीतरी धरायला पाहिजे माणसाला, आणि तिनं त्याला काही धरायलाच ठेवलं नव्हतं. साडीची पिशवी त्याच्या बायकोनं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. एका पोरानं हळूच विचारलं, "मावशी, डबा..." आणि मायनं त्याला झटकन डबा दिला, बस सुटेल म्हणून. जीप गेली. हिराक्काची तव्यावरची भाकरी करपली होती. ती तिनंच खाल्ली.

तिला वाटा मिळाला. लगेच नाही, मोजणी, नोटिसा, नामूनानांच्या विनवण्या असं करत करत मिळाला, आणि रस्त्याकडचा म्हणून जो मिळाला तो त्या पट्ट्याचा ओढ्याकडचा निमुळता तुकडा. तिथं तिनं चार खोल्या बांधल्या आणि शेवटपर्यंत त्यांच्या भाड्यावर जगली. दत्ताशेठ भाऊबीजेला पुन्हा तिच्या दारात गेला नाही. ती मला एकदा म्हणाली होती की दिवाळीत ती दार लोटून बसते, उघडं दिसलं की वाट बघितल्यासारखं होतं. तिनं तक्रार केली नव्हती, आणि मीही माफी मागितली नाही. मी खरं तेच लिहिलं होतं आणि तिला विचारून लिहिलं होतं. पण खरं लिहिल्यानं माणसाचं बरं होतं असं जे आम्हाला वर्गात कुणी न शिकवता वाटायचं, ते मात्र तेव्हा गेलं.

आम्हाला महिनाअखेरीला खोली सोडायला सांगितलं, पाहुण्यांना पाहिजे म्हणून. मोशीला गेलो. मायची खानावळ पुन्हा उभी राहायला पुष्कळ काळ गेला आणि आधीसारखी ती कधीच झाली नाही. पहाटे परातीपाशी ती एकटीच असायची. मी शेजारी बसून थापायला शिकले, पण ती म्हणायची की तुझी थाप बीयेवाल्यांची आहे, जोरच नाही. खोली गेली त्यावरून तिनं मला एवढंच बोलून घेतलं. दुसरं काही नाही.

मोशीला गेल्यावर थोड्याच दिवसांत सरांनी मला पुन्हा एका दशक्रियेला पाठवलं. दुसरं गाव, दुसरं घर. मी पायऱ्या उतरून पाण्याजवळ गेले तर मयताचा मुलगा, टक्कल केलेला, ओल्या धोतरानिशी माझ्याकडे आला आणि हात जोडले. कुणीतरी त्याला माझ्याबद्दल सांगितलं होतं. "ताई, तुमी वर मांडवात बसा. नावं मी सगळी आनून देतो." मी म्हटलं, मला इथं उभं राहिलं तरी चालेल. "न्हाई, बसा ना. चा येतोय." तो अदबीनंच बोलत होता, पण मी हलेपर्यंत तो हलला नाही. मी वर जाऊन बसले. तिथून खाली नुसत्या पाठी दिसत होत्या. माइक बंद केलेला. बराच वेळ काही होत नव्हतं, मग तो मुलगा वाकून काहीतरी बोलायला लागला. बोलत राहिला, मधे थांबला, डोळे पुसले, पुन्हा बोलला. शेजारी त्याची बहीण असावी, तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला चहा आणून दिला, फार गोड होता, मी प्यायले. मग पाठी हलल्या, माणसं पायऱ्या चढायला लागली, त्यावरून कावळा शिवला ते कळलं. तो कशावर शिवला, काय कबूल केलं त्या मुलानं, ते मला कुणी सांगितलं नाही. विचारायला हवं होतं, सरांनी तेच तर शिकवलं होतं. पण त्या दिवशी मी दमले होते. नावं घेतली आणि बस धरली.